मेंदूवाले आणि काकींची वाटी

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, त्यामुळे खाली उतरलेल्या माणसाची विसरलेली वस्तू गॅलरीतून टाकायची पद्धत होती. छत्री, पास, रुमालात बांधलेले सुटे पैसे, काहीही. शाळेतल्या पोरांपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळे वरून आलेली वस्तू अलगद झेलत. झेलता न येणारा अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता, आणि माणूस हाताने वस्तू कशी झेलतो याचाच अभ्यास करण्याचा त्याला पगार मिळत असे.

त्यांच्या सायकलची किल्ली आमच्या घरच्या खिळ्याला असायची, कारण स्वतःच्या घरात ती त्यांना सापडत नसे. खाली गेले की हाक मारायचे, मी वरून टाकायची. किल्ली त्यांच्या दोन तळव्यांच्या मधून सुळकन निघून गटाराच्या जाळीवर पडायची. मग ते उकिडवे बसून ती काढता काढता मान वर करून मला शिकवायचे.

"जे झेलतात ना, ते किल्ली बघून झेलतच नाहीत. डोळ्याने बघून, मेंदूला कळवून, हात हलवेपर्यंत ती खाली गेलेली असते. ती कुठे असेल याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो."

"मग तुमचा मेंदू का नाही बांधत, सर?"

"माझा त्या वेळी विचार करत असतो," ते म्हणायचे, आणि पँटला हात पुसून सायकलवर बसायचे.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची बिल्डिंग. टीव्ही रंगीत होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी चपला ठेवायला जागा नसायची. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत हे एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं, पन्नाशीला टेकले होते. शहरातल्या एका संशोधन संस्थेत ते डोळ्यांनी दिसणं आणि हातापायांचं हलणं यांचा मेंदूत कसा मेळ बसतो, ते शोधत. एवढं लांबलचक कोण सांगत बसणार? त्यांना सगळे मेंदूवाले म्हणत. तोंडावर सर, पाठीमागे मेंदूवाले.

सुरुवातीला लोक डोकेदुखी घेऊन त्यांच्याकडे जायचे. ते सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "मी मेंदूचा डॉक्टर नाही हो. बिघडलेला मेंदू सोडा, चांगला चालणाराच मला अजून कळलेला नाही." लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे. नम्र कसला! अक्षरशः खरं सांगत होते ते, आणि त्यांची खरी खोड तीच होती.

त्यांच्या प्रयोगांचं पहिलं गिऱ्हाईक मी. मी तेव्हा एका विमा कंपनीत टायपिस्ट होते आणि रविवारी मला उद्योग नसायचा. एकदा त्यांनी मला जाड भिंगांचा चष्मा घातला. त्यातून सगळं जग वीतभर उजवीकडे सरकलेलं दिसे. भिंतीवर खडूची फुली काढून म्हणाले, लाव बोट. मी बोट लावलं ते थेट त्यांच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या नाकाला. पुन्हा, पुन्हा, करता करता बोट बरोबर फुलीवर यायला लागलं. मी खूश. त्यांनी चष्मा काढून घेतला आणि म्हणाले, आता लाव. आता उघड्या डोळ्यांनी माझं बोट दुसऱ्याच बाजूला गेलं! ते टाळ्या पिटत नाचले, आणि बक्षीस म्हणून मला लिमलेटची गोळी दिली. त्याच तंद्रीत मी घरी गेले, वडिलांच्या कपात चहा ओतायला, आणि तो कपाच्या शेजारी, त्यांच्या पेपरवर ओतला. वडिलांनी शांतपणे विचारलं, "अग्रलेख आवडला नाही वाटतं?" आई मात्र शांत नव्हती. त्या माणसाच्या घरात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन, असं ती दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी त्यांच्यासाठी वाटीभर काहीतरी माझ्याच हाती पाठवायची.

नाक्यावरच्या वाण्याला तर त्यांनी वेड लावलं होतं. स्वतःचा तळहात पुढे करायचा, त्यावर वाण्याचं किलोचं माप ठेवायचं आणि म्हणायचं, शेठ, उचला. वाण्याने माप उचललं की यांचा हात टुणकन वर उडायचा. मग तेच माप पुन्हा तळहातावर ठेवून स्वतःच्याच दुसऱ्या हाताने उचलायचं. हात ढिम्म. "बघितलंत? आपण स्वतः वजन उचललं तर शरीराला आधी कळलेलं असतं, ते सावरून धरतं. दुसऱ्याने उचललं की हात उडतो." शेठ म्हणायचे, "सर, साखर किती देऊ?" पण गिऱ्हाईक नसलं की शेठ एकटेच माप उचलून बघत बसायचे. मी पाहिलंय.

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून हातघाईची वेळ आली असताना हे उभे राहिले. सगळे गप्प झाले. शिकलेला माणूस, काही तोडगा सांगेल. हे सेक्रेटरींना म्हणाले, "तुम्ही स्वतःला गुदगुल्या करून पाहिल्यात कधी? होत नाहीत. का होत नाहीत, सांगा बघू." सेक्रेटरी फार रागीट माणूस. पण सगळी सभा आपापल्या काखेत बोटं घालून बसली आणि भांडण तिथेच संपलं. टाकी पुढे दोन उन्हाळे गळत राहिली.

पण या माणसाला एक गोष्ट मुळीच जमत नसे, ती म्हणजे दिसलेली गोष्ट दडवणं. प्रयोगात जे आलं ते सांगून मोकळं व्हायचं, मग कुणाची का वाट लागेना. त्यांनी तरुणपणी एक सिद्धांत मांडला होता, त्यावर त्यांचं संस्थेत नाव झालं होतं. पुढे त्यांच्याच एका प्रयोगात तो चुकीचा निघाला. बरोबरच्यांनी सांगितलं, राहू दे, कुणी विचारत नाहीये. यांनी स्वतःच लेख लिहून स्वतःचा सिद्धांत मोडीत काढला. बढती गेली. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "डोळा हा खोटारडा साक्षीदार आहे, पण रुबाबदार. म्हणून शास्त्रज्ञाने तरी खोटं बोलू नये. एकाच घरात दोघे नकोत." आणि हसायचे. मला ते हसणं खोटं वाटत नसे, म्हणूनच पुढे जे झालं त्याचं मला एवढं आश्चर्य वाटलं.

तळमजल्यावर काकी राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता तो कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा भांडुपच्या एका कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, आणि वर्ष दीड वर्षात कावीळ होऊन तो गेला. घरात राहिल्या काकी आणि त्यांची सून सुनंदा. सुनंदा माझ्याच वयाची, चोवीस-पंचवीसची. कंपनीने तिला नवऱ्याच्या जागी नोकरी देऊ केली होती, गणपतीपर्यंत कळवा म्हणाले होते. सुनंदाला ती नोकरी हवी होती. रात्रंदिवस तिच्या मनात तेच होतं, हे मला तिच्या तोंडावर दिसायचं. पण नवऱ्याला विचारल्याशिवाय ती काही करणार नव्हती.

आणि नवरा दर रविवारी दुपारी यायचा. त्या वर्षी आमच्याकडे प्लँचेटची साथ आली होती. काकींच्या घरी जेवणं उरकली की खिडकीला चादर लावत, मेणबत्ती लावत, पाटावर गोल कापलेला पुठ्ठा ठेवत. पुठ्ठ्याच्या कडेने मुळाक्षरं, एका बाजूला 'हो', बरोबर समोर 'नाही'. मध्ये आमटीची वाटी उपडी घालायची, तिच्यावर काकींचं एक बोट आणि सुनंदाचं एक बोट. मेणबत्ती धरायला मी. वाटी खरंच चालायची. अक्षरांवरून फिरून नाव सांगायची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. संध्याकाळचा सिनेमा सुरू व्हायच्या आत आत्म्याला परत पाठवावं लागे, कारण नंतर शेजारच्या टीव्हीचा आवाज त्याला सहन होत नाही, असं काकींचं मत होतं. सगळं ठीक चाले. फक्त सुनंदाने विचारलं, "मी नोकरी धरू का?" की वाटी हळूहळू, पण न चुकता 'नाही'वर जाऊन थांबे.

गणपती जवळ आले तशी सुनंदा वाळायला लागली. एक दिवस जिन्यात मी मेंदूवाल्यांना हे सगळं सांगितलं. वाटलं, हळहळतील. छे! त्यांचे डोळे लकाकले.

"वाटी कडेकडेने जाते की थेट?"

"सर, तिची नोकरी जातेय!"

"हो, हो. पण थेट जाते का?" मग जरा ओशाळून म्हणाले, "ती त्यांचीच बोटं आहेत गं. आणि यात लबाडी नाही, त्यांना खरंच कळत नसणार. हात ढकलतो, पण डोळ्याला दिसते वाटी चालताना. डोळा म्हणतो, मी स्वतः पाहिलं! मग हाताचं कोण ऐकतं? मी रविवारी येतो. डोळे बांधायचे आणि गुपचूप पुठ्ठा फिरवायचा. आत्मा असेल तर त्याला अक्षरं दिसतील. बोटं असतील तर वाटी जुन्याच जागी जाईल. सिद्ध करून दाखवतो."

"आणि मग?"

"मग मी समजावून सांगेन."

त्यांचं समजावून सांगणं मला माहीत होतं. नोकरीचं कदाचित जमलंही असतं. पण दर रविवारी येणारा नवरा सुनंदाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा गेला असता, आणि सासू खोटारडी ठरली असती. त्या दोघींना त्याच दोन खोल्यांत एकमेकींच्या आधाराने दिवस काढायचे होते. मी हे म्हटलं तर ते म्हणाले, "तो माझा विषय नाही."

काकींनी त्यांना आनंदाने येऊ दिलं. काकींचा या माणसावर जीव होता, कारण तो त्यांची माशांची आमटी बोटं चाटून खायचा आणि त्यांनी दिलेला डबा महिनोन् महिने परत करायला विसरायचा. त्या त्यांना मास्तर म्हणत.

"काकी, डोळे बांधले तर तुमच्या मुलाला चालेल ना?"

"माज्या झिलाक काय ता? तो बंद दारातसून येता, मास्तरानु. बांधा."

त्यांनी दोघींचे डोळे बांधले. मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि पुठ्ठा अलगद अर्धा फिरवला. 'नाही'च्या जागी 'हो' आला. वाटी मध्ये ठेवून त्यांनी दोघींची बोटं तिच्यावर टेकवली. आधी नाव विचारायचं, वाटीने वेडीवाकडी अक्षरं दाखवली की व्याख्यान सुरू करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खिशातून टिपणाचा कागदसुद्धा डोकावत होता. पण सुनंदाला धीर कुठला? आत्मा आला की नाही याचीही वाट न बघता ती एकदम म्हणाली, "अहो, शेवटचं विचारते. मी नोकरी धरू का?"

वाटी थांबून राहिली. मग निघाली. नेहमीच्याच वाटेने, जिथे मघाशी 'नाही' होतं तिकडे, हळूहळू. मेण माझ्या हातावर ओघळलं. वाटी 'हो'वर जाऊन थांबली.

मेंदूवाल्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. इतका स्वच्छ, सुंदर निकाल! त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदाने पट्टी वर सारली आणि खाली पाहिलं. 'हो'. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्या पाण्याखाली ती हसत होती. तो गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मेंदूवाले तिच्याकडे बघत राहिले. तोंड उघडंच होतं. मग त्यांनी ते मिटलं.

काकींनी पट्टी सावकाश काढली. पुठ्ठ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग हात जोडून म्हणाल्या, "झील हो म्हणता गो. जा तू कामाक."

सुनंदा कामाला लागली. काकींनी प्लँचेट बंद केलं, त्याला सारखा सारखा त्रास नको म्हणाल्या, आणि ती वाटी पुन्हा आमटीला लागली. सगळे सुखी झाले. एक माणूस सोडून.

मेंदूवाल्यांची जी वाट लागली, ती बघून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक निकाल दडवला होता. जिन्यात मला गाठून कुजबुजायचे, "मी सांगून टाकतो." तळमजल्यापर्यंत जायचे, काकी दार उघडायच्या, "येवा मास्तरानु, घावणे केलेत," आणि हे तोंड भरून वर यायचे. "खाल्ल्यावर कसं सांगणार?" सुनंदा समोरून आली की ते भिंतीकडे बघून जिना उतरत. तिला वाटायचं, केवढा सोज्वळ माणूस!

एकदा दिवाळीच्या तोंडावर मी काकींबरोबर तांदूळ निवडत बसले होते. सुनंदा कामावर होती. काकी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तो तुझो मास्तर माज्याकडे असो काय बघता गो? चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारखो."

मी तांदळात नसलेला खडा शोधायला लागले.

"पुठ्ठो फिरवल्यान त्याना. माका म्हायत आसा."

माझ्या हातातले निवडलेले तांदूळ पुन्हा खड्यांत पडले. "काकी! तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे बांधूच्या आधी 'नाही' खंय होता ता मी बघितलेला ना? वाटी थंयच गेली. पट्टी काढलंय तर थंय 'हो'." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "पण ता सोड. डोळे उघडे होते तेव्हा माका वाटी चलताना दिसायची. डोळे बांधल्यार कळला, कोण चलवता ती. माजाच बोट, गो. माजाच. इतके रविवार झील नाय म्हणता, नाय म्हणता, म्हणान मी रडतंय. आणि नाय म्हणणारी मीच."

"तुम्ही मुद्दाम थोडंच करत होतात?"

"मुद्दाम नाय. भियान. ती कमवूक लागली, की गेली, असा वाटायचा माका. मगे माका कोण आसा हंयसर?" त्यांनी सुपाला एक झटका दिला. "मग पट्टी काढलंय आणि तिचा तोंड बघितलंय. म्हटला, चल, हो तर हो." मग माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाल्या, "तिका सांगू नको. तिका तो 'हो' माज्या झिलाचो वाटता. ऱ्हवांदे तेचोच. आणि मास्तराकपण सांगू नको. फुकट व्याख्यान देत बसतलो."

मला ते सांगावंसं फार वाटायचं. इतकी वर्षं ज्याचा अभ्यास केला ते एका बाईने डोळे बांधल्यावर आपल्या बोटात पकडलं, हे ऐकून ते तिसऱ्या मजल्यावर नाचले असते. पण काकींनी बजावलं होतं.

पुढे दोनेक वर्षांनी त्यांना बंगळूरच्या एका संस्थेत बोलावणं आलं. सामान बांधून झालं. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. हातात काकींचा डबा होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा घासलेला, आणि रिकामा परत करायचा नाही म्हणून काठोकाठ लिमलेटच्या गोळ्यांनी भरलेला. "चल माझ्याबरोबर," म्हणाले. "आज सांगून टाकतो. हे ओझं मनात घेऊन मी गाडीत बसू शकत नाही."

मी जिन्यात त्यांना किती अडवलं! ऐकतील तर शपथ. काकींच्या दारात ते उभे राहिले, तळहातावर डबा, वाण्याकडे माप धरायचे तसा. सुनंदाची सुट्टी होती. आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, दार उघडं होतं. ती एक एक शब्द ऐकणार होती. काकींनी एकदा आत बघितलं, एकदा यांच्याकडे.

"काकी," ते म्हणाले, "मला तुमच्याशी एक बोलायचंय. त्या रविवारी तो पुठ्ठा मी—"

काकींनी त्यांच्या हातावरचा डबा खसकन उचलला.

हात उडाला. असा उडाला की त्यांचा चष्माच नाकावरून घसरला. बोलणं तिथेच तुटलं.

"काय झालं हो?" आतून सुनंदाने विचारलं.

"काय नाय गो. मास्तरांचो हात उडालो." मग काकी त्यांच्या अगदी जवळ जाऊन, हलक्या आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "दुसऱ्यान वजन उचलला की हात उडता, असा तुमीच सांगतास ना सगळ्यांका? मगे उचललंय मी. कधीच उचललंय. आता तुमी सोडा ता."

ते बघत राहिले. काकींकडे, मग स्वतःच्या हाताकडे, मग पुन्हा काकींकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं. मी वाट बघत होते, आता खिशातून कागद निघेल, आता म्हणतील, म्हणजे तुम्हाला कळलं होतं? नेमकं कधी कळलं? बोटाला की मनगटाला? त्यांनी नुसता चष्मा सारखा केला आणि वाकून काकींच्या पाया पडले.

काकींनी गोळ्या ताटात ओतल्या, डबा कुळथाच्या पिठाने भरला आणि पुन्हा त्यांच्या हातावर ठेवला. "हो डबो परत नाय केलास तरी चलात," त्या म्हणाल्या. आतून सुनंदा हात पुसत बाहेर आली आणि एक गोळी उचलून तिने तोंडात टाकली.